नायकाचे घर

माझी सात वर्षांची भाची जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. शाळेतून विषय मिळाला होता, 'मी सुपरहिरो झाले तर'. कागदाच्या डाव्या बाजूला तिने स्वतःला काढले होते. दोन वेण्या, पाठीला दप्तर आणि चेहऱ्याला तपकिरी खडू. तो खडू तिच्या रंगाशी अगदी जुळणारा होता, कारण निवडण्यापूर्वी तिने तो मनगटाशी धरून पाहिला होता. मध्ये एक बाण होता आणि बाणाच्या पलीकडे सुपरहिरो झालेली तीच मुलगी. त्याच दोन वेण्या, दप्तराच्या जागी वाऱ्यावर उडणारी लाल केप, आणि चेहऱ्याला मात्र फिकट गुलाबी खडू.

"इथे रंग का गं बदललास?" मी विचारले.

"अगं मावशी, ती आता सुपरहिरो झालीये ना!" मान वर न करता तिने सांगितले.

तिच्या सुरात खंत नव्हती, तक्रार तर नव्हतीच. पाऊस पडला की रस्ता ओला होतो हे ज्या सहजतेने सांगावे, त्या सहजतेने तिने ते सांगितले आणि केपची उरलेली कड रंगवायला घेतली. चित्र शाळेत गेले, त्यावर बाईंनी चांदणी काढली आणि तिच्या लेखी तो विषय तिथेच संपला. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस त्या बाणाचाच विचार करत होते.

१९४० च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या होत्या. बाहुल्या सर्व बाबतींत सारख्या होत्या, फरक होता तो केवळ रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती घेशील, असे प्रश्न विचारून झाल्यावर, यातली तुझ्यासारखी कोणती दिसते, असेही विचारले जाई. बहुसंख्य मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली आणि वाईट म्हणून काळी. जिला नुकतेच वाईट ठरवले तिच्याकडेच 'माझ्यासारखी' म्हणून बोट दाखवायची वेळ आली, तेव्हा काही मुलांना रडू कोसळले. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवणारा जो निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला, त्यात या अभ्यासाचा आधार घेतलेला आहे. एका मुलीचे एक चित्र म्हणजे काही प्रयोग नव्हे, हे मला समजते. परंतु क्रेयोला कंपनीच्या पेटीतल्या एका फिकट गुलाबी खडूवर १९६२ पर्यंत 'त्वचा' या अर्थाचे नाव छापलेले असे, आणि जगभरच्या त्वचांच्या छटा दाखवणारे २४ खडू त्याच कंपनीने बाजारात आणायला २०२० साल उजाडावे लागले, हे आठवले की भाचीने तो खडू आपण होऊन निवडला असे म्हणणे मला जड जाते.

पडद्यावर निरनिराळ्या वर्णांचे नायक दिसू लागले की हा प्रश्न सुटेल, असे मला बरीच वर्षे वाटत असे. आता तसे वाटत नाही. चेहरा दिसणे आवश्यक आहेच, त्यावर वाद नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सुपरहिरोंचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना मी एक वेगळाच प्रश्न विचारू लागले आहे. या नायकाचे घर कुठे आहे? लढाई आटोपल्यावर तो कोणाकडे परततो, त्याला कोण रागावते, कोणासमोर तो खोटे बोलू शकत नाही, आणि वेळ आली तर कोणाला तो 'तुमचे चुकले' असे तोंडावर सांगू शकतो? या प्रश्नांची उत्तरे ज्या चित्रपटात मिळतात, त्यातला नायक मुलांना आदर्श म्हणून उपयोगी पडतो, असे माझे मत झाले आहे. जिथे मिळत नाहीत, तिथे पोस्टरवर एक रंग वाढतो आणि बाकी सारे जागच्या जागी राहते.

मुळात या प्रकारच्या कथांना वंशभेदाचे भान उशिरा आले असे म्हणता येणार नाही. १९३८ मध्ये सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले तरुण होते, आणि त्यांचा नायक हा उद्ध्वस्त झालेल्या मातृभूमीतून आलेला, परक्या घरात वाढलेला निर्वासितच होता. १९४६ मध्ये सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत सोळा भागांची एक कथा प्रसारित झाली. तिच्यात महानगरात नव्याने राहायला आलेल्या एका चिनी कुटुंबाच्या मागे कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेसारखी एक टोळी लागते, कारण त्या घरातला मुलगा बेसबॉलच्या संघात उत्तम चेंडू टाकतो आणि त्यामुळे एका गोऱ्या मुलाची जागा जाते. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते, आणि लाखो मुले रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून ऐकत होती की द्वेष पसरवणारे हे बुरखेधारी खरे तर भ्याड आहेत. त्या लेखकांविषयी मला अतिशय आदर वाटतो. तरीही त्या कथेत चिनी मुलगा हा वाचवला जाणारा आहे आणि वाचवणारा दुसराच कोणी आहे, ही मर्यादा राहतेच. ती ओलांडली जायला आणखी वीस वर्षे गेली.

१९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या एका अंकात ब्लॅक पँथर आणला. पहिल्याच भेटीत हा आफ्रिकी राजा चार प्रसिद्ध गोऱ्या नायकांना आपल्या देशात बोलावतो आणि एकेकाला हरवून दाखवतो. त्याचा देश वाकांडा यंत्रविद्येत जगाच्या पुढे आहे. आजही ही कल्पना वाचताना तिचे धाडस जाणवते. त्यानंतर १९६९ मध्ये फाल्कन, १९७२ मध्ये ल्यूक केज, १९७५ मध्ये स्टॉर्म अशी कृष्णवर्णीय पात्रे येत गेली. चित्रपट मात्र कॉमिक्सच्या फार मागे राहिला. १९९८ मध्ये वेस्ली स्नाइप्सचा 'ब्लेड' आला आणि चांगला चालला. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या पात्रांवर चित्रपट काढून पैसा मिळू शकतो हा विश्वास निर्माण करण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या विश्वासावर पुढे मार्व्हलच्या चित्रपटमालिकेची जी इमारत उभी राहिली, तिच्यात कृष्णवर्णीय नायकाच्या नावाने चित्रपट व्हायला मात्र अठराव्या चित्रपटापर्यंत थांबावे लागले. २००८ मध्ये 'आयर्न मॅन' आला आणि 'ब्लॅक पँथर' आला २०१८ मध्ये.

मधल्या दहा वर्षांत कृष्णवर्णीय पात्रे नव्हती असे नाही. ती मित्र म्हणून होती. आयर्न मॅनचा मित्र जेम्स रोड्स हा हुशार, शिस्तप्रिय लष्करी अधिकारी आहे, संकटात मित्राच्या पाठीशी उभा राहणारा आहे, पण त्याच्या घरी कोण आहे, सुट्टीच्या दिवशी तो काय करतो, त्याची आई त्याला कोणत्या नावाने हाक मारते, हे त्या चित्रपटांतून आपल्याला कळत नाही. सॅम विल्सन, म्हणजे फाल्कन, २०१४ मध्ये पडद्यावर आला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना मनाने सावरायला मदत करणारा, स्वतः एक जिवलग सहकारी गमावलेला माणूस, अशी त्याची सुरुवात फार सुंदर होती. परंतु कॅप्टन अमेरिका या ढालधारी गोऱ्या नायकाने दार ठोठावले की आपले जे काही चालले असेल ते बाजूला ठेवून त्याच्याबरोबर निघायचे, हेच त्याचे काम ठरून गेले.

त्याचे घर आपल्याला दिसले ते थेट सात वर्षांनी, २०२१ च्या मालिकेत. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचे छोटे गाव, दोन मुलांना एकटीने वाढवणारी बहीण सेरा, आणि आईवडिलांच्या मागे राहिलेली जुनी मासेमारी बोट. बोट विकू नये म्हणून सॅम बहिणीला घेऊन बँकेत कर्ज मागायला जातो. समोरचा अधिकारी त्याला ओळखतो, भारावतो, पंखवाल्या नायकाबरोबर फोटो काढायलाही उत्सुक असतो, आणि कर्ज नाकारतो. सॅमने जग वाचवलेले आहे, पण नियमित उत्पन्नाचा पुरावा त्याच्याकडे नाही.  हे असेच होणार याची सेराला खात्री होती, आणि सॅमला नव्हती. भावाबहिणीच्या त्या दोन चेहऱ्यांत मला फाल्कनविषयी जेवढे कळले, तेवढे आधीच्या सगळ्या हवाई लढायांत मिळून कळले नव्हते.

याच मालिकेत आयझाया ब्रॅडली हा म्हातारा भेटतो. त्याचे पात्र २००३ मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या कॉमिक्समधून आले. सुपरसैनिक घडवण्याचे औषध कृष्णवर्णीय सैनिकांवर, त्यांना अंधारात ठेवून, वापरून पाहिले गेले अशी ती कथा आहे, आणि तिच्यामागे टस्कीगीचा खराखुरा अभ्यास उभा आहे, ज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता केवळ निरीक्षणासाठी तसाच वाढू दिला गेला होता. आयझायाने पराक्रम केला, त्याबद्दल त्याला तुरुंग मिळाला आणि त्याचे नाव पुसले गेले. आता त्याच्यासमोर कॅप्टन अमेरिकाची ढाल घ्यावी की न घ्यावी या विचारात पडलेला सॅम उभा आहे, आणि म्हातारा त्याला सांगतो की स्वाभिमान असलेल्या काळ्या माणसाने ती घेऊच नये. सॅम ती घेतो. पण आयझायाचे म्हणणे चुकीचे ठरवून तो ती घेत नाही, ते पुरते ऐकून आणि मान्य करून घेतो, आणि शेवटी ज्या संग्रहालयात कॅप्टन अमेरिकाचा गौरव मांडलेला आहे तिथे आयझायाला घेऊन जाऊन त्याचा स्वतःचा पुतळा त्याला दाखवतो. रागावलेल्या वडीलधाऱ्याचे ऐकून घ्यायचे, त्याचा राग खरा आहे हे मानायचे, आणि तरीही आपला निर्णय आपण घ्यायचा. मुलांनी सुपरहिरोकडून काय शिकावे असे कोणी मला विचारले, तर मी हा प्रसंग सांगेन.

'ब्लॅक पँथर'विषयी इतके लिहिले गेले आहे की त्याची नुसती स्तुती करण्यात अर्थ नाही. त्याने जगभरात १३० कोटी डॉलरपेक्षा अधिक कमाई केली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरो चित्रपट ठरला, वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले आणि त्या त्या विभागात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन व्यक्ती होत्या. हे सारे ठाऊक असलेलेच आहे. मला महत्त्वाची वाटते ती या माणसांनी नायकासाठी घर बांधताना घेतलेली मेहनत. राणी रमोंडाचा गोल मुकुट झुलू विवाहितांच्या पारंपरिक टोपीवरून घेतला आहे, सीमेवरच्या जमातीच्या अंगावर बसोथो लोकांच्या घोंगड्या आहेत. राजघराण्याची भाषा म्हणून दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा आली, ती जॉन कानी या ज्येष्ठ नटामुळे, कारण ती त्यांची मातृभाषा आहे. म्हातारा राजा त्यांनी साकारला आणि तरुणपणीचा तोच राजा त्यांच्या मुलाने, अतांद्वाने. ब्लॅक पँथर साकारणाऱ्या चॅडविक बोझमनने आपल्या उच्चारांना आफ्रिकी वळण असावे असा आग्रह धरला. वाकांडा कधीच कोणाची वसाहत नव्हती, मग तिचा राजा युरोपीय धाटणीचे इंग्रजी कशाला बोलेल, असे त्याचे साधे आणि बिनतोड म्हणणे होते.

मात्र हे घर सजवून ठेवण्यासाठी बांधलेले नाही. त्यात भांडण होते, आणि ते भांडणच या चित्रपटाचा प्राण आहे. १९९२ मध्ये ओकलंडच्या एका सदनिकेत राजा टचाका आपल्याच भावाला ठार करतो आणि भावाच्या लहान मुलाला तिथेच टाकून निघून जातो, कारण त्याला सोबत नेले तर वाकांडाचे गुपित आणि राजाचे कृत्य दोन्ही उघड होईल. तो मुलगा म्हणजे पुढचा किलमाँगर. चित्रपटात टचाकाचा मुलगा टचाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, आणि किलमाँगर दोघेही विधीचे औषध घेऊन पूर्वजांच्या जगात जातात. टचालाला विस्तीर्ण माळ दिसतो, जांभळे आकाश, बाभळीसारखे पसरलेले झाड आणि त्यावर वाट पाहत बसलेले काळे बिबटे, म्हणजे त्याच्या कैक पिढ्या. किलमाँगरला दिसते ती ओकलंडची तीच छोटी खोली. जांभळे आकाश खिडकीबाहेर आहे, आणि आत फक्त एकटा बाप. एकाच वंशाचे दोन मुलगे, दोघांचा रंग एक, शौर्य सारखे, बुद्धी सारखी, पण एकाला पूर्वजांचे रान मिळाले आणि दुसऱ्याला बंद खोली. तो प्रसंग मी २०१८ मध्ये चित्रपटगृहात पाहिला तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे कोणीतरी, अनोळखी, हुंदका आवरत होते. नायकाचे घर कुठे आहे हा प्रश्न माझ्या मनात बहुधा तेव्हाच रुजला असावा.

त्यानंतर टचाला दुसऱ्यांदा पूर्वजांकडे जातो, तेव्हा तो वडिलांना विचारतो, त्या पोराला का टाकून आलात? वडील सांगतात की मी माझ्या प्रजेची निवड केली. टचाला सुरुवातीला वडिलांसमोर आणि मग मागे उभ्या असलेल्या साऱ्या पूर्वजांसमोर म्हणतो की तुम्ही चुकलात, तुम्ही सगळेच चुकलात. कितीही कोटींची आतषबाजी पडद्यावर मांडली तरी या वाक्याच्या तोडीची ती होणार नाही. ज्याच्यावर जीव आहे, ज्याच्यासारखे व्हायचे म्हणून आयुष्यभर धडपडलो, त्या बापाला मान देऊनही त्याची चूक चूक म्हणणे याला जे बळ लागते ते कोणत्याही पोशाखात शिवून मिळत नाही. आणि पुढे तो ती चूक निस्तरतो. ज्या इमारतीत ते सारे घडले ती विकत घेऊन तिथे मुलांसाठी केंद्र उभारायचे तो ठरवतो. बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांपैकी एकजण पुढे येतो आणि त्याला विचारतो, तू कोण आहेस? दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलंडचा आहे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या जागी तो स्वतः कधीतरी उभा असणार असे मला नेहमी वाटते.

या चित्रपटाने आणखी एक गोष्ट साधली, जिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या कथेत एखाद्या वंशाचे एकच पात्र असते, त्या पात्राच्या मानगुटीवर सगळ्या समाजाची अब्रू बसलेली असते. तो भित्रा दाखवला तर साऱ्यांचा अपमान होतो, तापट दाखवला तर पूर्वग्रह पक्का होतो, म्हणून लेखक त्याला निर्दोष आणि म्हणूनच निर्जीव करून ठेवतात. वाकांडात मात्र शुरी थट्टेखोर आहे, ओकोये कर्तव्यकठोर आहे, नाकियाला जगाचे दुःख उघड्यावर दिसते आहे, म्बाकू फटकळ आहे, आणि वकाबी मित्राला सोडून शत्रूच्या बाजूला जातो. एवढी माणसे असली की प्रत्येकाला आपापल्या परीने बरोबर किंवा चूक असता येते. चुकण्याची ही मुभा गोऱ्या नायकांना पहिल्या दिवसापासून होती. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, शस्त्रे विकून श्रीमंत झालेला, गर्विष्ठ, व्यसनी माणूस म्हणून सुरुवात करतो आणि आपण त्याच्यावर प्रेम करतो, कारण त्याला सुधारायला पुरेसे चित्रपट मिळाले.

आदर्श या शब्दाविषयीही थोडे सावध राहायला हवे. मुले सुपरहिरोंकडून नेमके काय उचलतात, यावर झालेले संशोधन फार गोड नाही. बालवाडीच्या वयातल्या मुलांचा वर्षभराच्या अंतराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपरहिरोंत अधिक रमणारी मुले पुढे अधिक आक्रमक वागताना दिसली, पण दुबळ्याच्या मदतीला धावून जाण्यात ती इतरांच्या पुढे नव्हती. म्हणजे ठोसा लक्षात राहिला आणि तो कोणासाठी मारला हे निसटले. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना कंटाळवाणे काम दिले होते आणि शेजारी मोहात पाडणारा खेळ ठेवला होता. ज्या मुलांना बॅटमॅनसारख्या एखाद्या आवडत्या पात्राची भूमिका घ्यायला सांगितली आणि 'बॅटमॅन मन लावून काम करतोय का?' असे स्वतःला विचारायला लावले, ती मुले कामात सर्वाधिक वेळ टिकली. मला हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. मूल मुखवटा घालते तेव्हा त्या मुखवट्याआड जे असेल ते त्याच्यात उतरते. आत फक्त ठोसा असेल तर ठोसा, चिकाटी असेल तर चिकाटी.

म्हणूनच जुन्या कथेतले विष काढून टाकण्याचे काम मला नवे पात्र आणण्याइतकेच मोलाचे वाटते. शांग-ची हे पात्र १९७३ मध्ये आले तेव्हा त्याचा बाप म्हणून फू मांचूला उभे केले होते. हा फू मांचू म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कादंबऱ्यांतला कपटी, क्रूर चिनी खलनायक, चिनी माणसाविषयीच्या भीतीचा पुतळाच. २०२१ च्या चित्रपटात दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटनने तो बाप पूर्णपणे बदलला. टोनी लिअंगने साकारलेला वेन्वू हा हजार वर्षे सत्ता गाजवलेला, प्रेमात पडून शस्त्र खाली ठेवलेला आणि बायको गेल्यावर दुःखाने पुन्हा भरकटलेला माणूस आहे. तो वाईट वागतो, पण का वागतो ते कळते. चित्रपटाची सुरुवातीची कितीतरी मिनिटे चिनी भाषेत आहेत आणि त्याबद्दल कोणी क्षमा मागत नाही. याउलट २०१६ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये कॉमिक्समधल्या वृद्ध तिबेटी गुरूच्या जागी टिल्डा स्विंटन ही गोरी अभिनेत्री घेतली गेली. साचेबंद आशियाई गुरू टाळायचा, हा त्यामागचा हेतू होता. साचा टाळायला आशियाई माणूसच टाळला, ही ती चूक, आणि निर्माते केव्हिन फायगी यांनी काही वर्षांनी ती जाहीरपणे मान्यही केली.

कृष्णवर्णीय नट घेतला की 'मूळ पात्र तसे नव्हते' असा ओरडा होतो, त्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. २०११ मध्ये इद्रिस एल्बाने 'थॉर'मधला हाइमडॉल केला तेव्हा तो झाला, २०१५ मध्ये मायकल बी. जॉर्डन ह्युमन टॉर्च झाला तेव्हाही झाला. निक फ्युरी मूळ कॉमिक्समध्ये गोरा होता हे आज कितीजणांना आठवते? सॅम्युएल जॅक्सनशिवाय तो डोळ्यांपुढे येतच नाही. मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. २०२३ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या तीन नायिकांचा 'द मार्व्हल्स' तिकीटबारीवर कोसळला तेव्हा विविधतेचा हट्ट लोकांना नको आहे असा निष्कर्ष लगेच काढला गेला. त्याच वर्षी 'द फ्लॅश' आणि 'शझाम'चा दुसरा भागही आपटले, पण त्यांच्या अपयशाचे खापर कोणी नायकाच्या वर्णावर फोडले नाही. तिथे पटकथा कमकुवत होती, प्रेक्षक कंटाळले होते, अशी कारणे शोधली गेली. ती कारणे शोधण्याची तसदी सगळ्यांच्याच बाबतीत घेतली जावी, एवढेच माझे मागणे आहे.

'द मार्व्हल्स'मधली कमला खान मला भाचीच्या चित्रामुळे पुन्हा वाचावीशी वाटली. २०१४ च्या तिच्या पहिल्या अंकात न्यू जर्सीत वाढणाऱ्या या पाकिस्तानी वंशाच्या मुलीला रूप बदलण्याची शक्ती मिळते, आणि ती शक्ती मिळताच तिचे रूपांतर होते ते सोनेरी केसांच्या, गोऱ्या कॅरोल डॅनव्हर्समध्ये, कारण तिच्या कल्पनेत नायिका तशीच असते. डावीकडे कमला, मध्ये बाण, उजवीकडे कॅरोल! ते नवे शरीर तिला लवकरच नकोसे होते, बूट टोचू लागतात, केस डोळ्यांवर येतात, आणि हळूहळू ती आपल्याच चेहऱ्याने लढायला शिकते. भाचीचे चित्र पाहून मी हबकले होते. लेखिका जी. विलो विल्सन यांनी तेच चित्र कथेची सुरुवात म्हणून वापरले आणि त्यातून बाहेर पडायला आपल्या नायिकेला पुरेशी पाने दिली.

'ब्लॅक पँथर' भाचीला दाखवायला अजून अवकाश आहे. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' मात्र आम्ही दोघींनी मिळून पाहिला. माइल्स मोरालेसचे वडील कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी आहेत, आई पोर्तो रिकोची परिचारिका, आणि घरात दोन भाषा एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. वडील त्याला शाळेच्या दारात सोडतात आणि पोलीस गाडीच्या भोंग्यावरून, सगळ्या मुलांसमोर, त्याच्याकडून 'माझे तुमच्यावर प्रेम आहे' असे वदवून घेतात, तेव्हा भाची पोट धरून हसली. पुढे तेच वडील बंद दाराबाहेरून माइल्सशी बोलतात आणि त्याला उत्तर देता येत नसते, तेव्हा ती माझ्या दंडाला घट्ट धरून बसली. शेवटी माइल्स स्पायडर-मॅनचा जुनाच पोशाख घेतो, रंगाचा फवारा मारून तो काळा करतो आणि वर आपले नेहमीचे कपडे चढवतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि त्याच्या तीन दिग्दर्शकांपैकी पीटर रॅमसी हे त्या विभागात ऑस्कर मिळवणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकन ठरले, हे मी तिला सांगितले. तिने ते ऐकून घेतले, पण तिच्या डोक्यात दुसरेच काही चालले होते.

चित्रपटाच्या सुरुवातीला माइल्सच्या बुटाची नाडी सुटलेली असते. कोणीतरी त्याला ते सांगते आणि तो म्हणतो की मला माहीत आहे, मी तशी मुद्दाम ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना भाचीच्या एका बुटाची नाडी लोंबत होती. तिच्या आईने वाकून ती बांधायला घेतली तर हिने पाय मागे ओढला.

"आई, मला माहितीये ती सुटलीये. मी ठरवून ठेवलीये."

आईने समजावले की धावताना पडशील. तिने क्षणभर विचार केला, मग खाली बसून लोंबणारी टोके बुटाच्या आत खोचली, गाठ मात्र मारली नाही, आणि गेली. चित्रातल्या त्या गुलाबी चेहऱ्याविषयी मी तिला अजून काहीही विचारलेले नाही.